खोक्यावरचा आकडा, भिंतीवरचा उजेड

कापडाचा व्यापारी ताग्यावरच्या शिक्क्यावर भुलत नाही. कापड उजेडात धरून पाहतो. इंटरनेटवरचे सिनेमे घरच्या भिंतीवर दाखवणारा स्वस्त प्रोजेक्टर घेतानाही हाच रिवाज हवा. खोक्यावर हजारो 'ल्युमेन' छापलेले असतात. विचारावे ते 'अँसी ल्युमेन'. ते पडद्यावर ९ ठिकाणी उजेड मोजून काढतात. स्वस्त मालात बहुधा शेकड्यांतच भरतात. '१०८०पी सपोर्ट' म्हणजे तसे चित्र यंत्र स्वीकारते, एवढेच; दाखवते कदाचित १२८० बाय ७२०. नेटफ्लिक्स चालते का, तेही दुकानातच लावून पाहावे.

अंधाऱ्या खोलीपुरता हा माल वाईट नाही. पण फुगवलेला आकडा छापणे ही मापातली खोटच. दुकानदाराने खरा आकडा बिलावर लिहून द्यावा. ग्राहकाने तो मागून घ्यावा.