चिलटाला जे विचारावं लागत नाही...

पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली की त्यांच्याभोवती चिलटं जमतातच. आपण 'शी!' म्हणतो, हाताने हाकलतो, वर फडकं टाकतो आणि विसरून जातो. पण मैत्रिणींनो, त्या घोळक्यातल्या माद्या तिथे नुसत्या खायला आलेल्या नसतात. त्या अंडी घालायला जागा शोधत असतात. आणि ती जागा त्या किती चोखंदळपणे निवडतात हे वाचल्यापासून मला त्यांचं भारी कौतुक वाटायला लागलंय!

शास्त्रज्ञ या चिलटाला ड्रोसोफिला म्हणतात. त्याचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. साधारण दिवसभरात त्यातून अळी बाहेर येते. तिला ना पंख, ना पाय. आईने जिथे ठेवलं, तिथेच खायचं नि वाढायचं. म्हणून मादी फळावर उतरली की आधी चालून बघते, कारण तिला पायांनीही चव कळते. मग सोंडेने चाखते, अंडी घालायच्या नळीने टोचून बघते. मनासारखी जागा मिळाली नाही, तर अंडी पोटातच धरून ठेवते.

पहिल्या पावसात मातीला जो वास येतो ना, तो आपल्याला किती आवडतो! त्यामागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. चिलटाची मादी मात्र त्या वासापासून लांब पळते. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली याचं कारण दाखवून दिलं. फळावर हा वास आला, की तिथे पिल्लांना घातक बुरशी किंवा जंतू असण्याची शक्यता असते. याउलट आंबलेल्या फळातल्या आम्लाचा वास तिला स्वतःला नकोसा असतो, एरवी ती तिथे थांबतही नाही. पण अंडी घालायला मात्र तिथेच जाते!

त्याहून नवल २०१३ सालच्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाचं. एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी चिलटाच्या अळीच्या अंगात आपली अंडी घालते. अशी मादी गांधीलमाशी आसपास दिसली, की चिलटं जास्त मद्यार्क असलेल्या खाण्यात अंडी घालू लागली. त्या मद्यार्काने परजीवी मरतो, अळी वाचते. नर गांधीलमाशी दिसली, तर मात्र त्यांना काही फरक पडला नाही, कारण धोका मादीचाच.

आता कुणी म्हणेल, माशीला कसली आलीय अक्कल? खरंय. ती आपल्यासारखा विचार करत नाही. २०२४ साली एका मादी चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत. आपल्या मेंदूपुढे ते काहीच नाही. पण एवढ्याशा मेंदूतही जागा पारखायची सोय आहे, आणि ती पारख जिला अंडी घालायची आहेत तिच्याकडेच आहे.

आणि आपल्याकडे? पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, हे आधीच ठरलेलं. सातव्या-आठव्या महिन्यात मुलीला एसटीत नाहीतर जीपमध्ये बसवायचं, की झालं. आमच्या ओळखीतल्या एकीच्या सगळ्या तपासण्या सासरच्या गावी झाल्या होत्या. रक्तदाब वाढतोय, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. रीत म्हणून ती माहेरी गेली, फाईल सासरीच राहिली. रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा नव्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ आली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ती रात्र सगळ्यांचीच परीक्षा बघणारी होती. "तुला कुठे राहायचंय?" असं तिला सासरी विचारलं नव्हतं, माहेरीही नाही.

माहेरची रीत वाईट, असं मी म्हणणार नाही. आईच्या हातचा डिंकाचा लाडू आणि हक्काची झोप सासरी मिळेलच असं नाही. ज्या काळात सासरी सुनेला विसावाच नव्हता, त्या काळात हीच रीत तिला तारत होती. पण आज निवडताना आणखीही काही बघायला हवं. दवाखाना किती लांब? रात्री गाडी मिळेल का? सिझेरियनची, रक्ताची सोय आहे का? तपासणीचं कार्ड सोबत आहे का? आणि सगळ्यात आधी, तिचं मन कुठे निश्चिंत आहे?

डोहाळजेवणात आपण पेढा की बर्फी विचारतो, सगळ्याजणी हसतात. त्याच दिवशी तिला बाजूला घेऊन हेही विचारूया. ती माहेर म्हणेल, सासर म्हणेल, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्याजवळ राहणाऱ्या मावशीचं घर म्हणेल. सोय बघून तिचं म्हणणं मानावं, एवढंच माझं मागणं आहे. मग कार्ड आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून ती पिशवी तिच्याच हाती द्या.