बी न घेता पेरणीस निघालेले मास्तर

आमच्या धंद्यातील पुष्कळांस हा लेख झोंबेल. झोंबू द्या. लिहिणारा परका नाही. खेड्यातल्या शाळेवरचा मास्तर आहे, मराठी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेला आहे, आणि रोज त्याच खडूने हात पांढरे करतो. तेव्हा शहरातल्या कोणा विद्वानाने आम्हांस नावे ठेविली, अशी ओरड करण्यास जागा नाही.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आधी तुमच्या घरची रीत सांगतो. पेरणीच्या दिवशी कोणी बियाणे शोधीत बसत नाही. नांगरट, कुळवणी केव्हाच उरकलेली असते. बी निवडून ठेवलेले असते. पाभरीचे फण पाहिलेले असतात. चाड्यावर मूठ कोण धरणार हे आदल्या रात्रीच ठरते. आणि वाफसा आला की नाही हे मातीत हात घालून पाहिल्यावाचून बैल जुंपले जात नाहीत. सुतार कामावर निघण्यापूर्वी वाकसाला धार लावतो. कुंभार माती मळल्यावाचून चाकापाशी बसत नाही. माप न घेता कात्री चालविणाऱ्या शिंप्याकडे दुसऱ्यांदा कोण जाईल? पण तुमचे पोर ज्याच्या हवाली केले तो मास्तर घंटा झाल्यावर वर्गात शिरतो, खुर्चीवर बसतो आणि पुढच्या पोराला विचारतो, “काय रे, काल कुठवर आलो होतो?”

एवढे वाक्य कानी पडले की समजावे, गृहस्थ बी न घेता पेरणीस आला.

कोणी म्हणेल, त्यात काय मोठे बिघडले? पाचदहा मिनिटे गेली. ठीक आहे, हिशेबच करू. हिशेबाला मास्तराने भिऊ नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षाला निदान २०० दिवस व ८०० तास शिकविणे ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाचे ४ तास झाले. त्यांतून पुस्तक शोधणे, खडू मागविणे, आणि आज काय घ्यावे याचा विचार फळ्याकडे तोंड करून करणे, यांत रोजची १५ मिनिटे गेली तर वर्षाची ३,००० मिनिटे, म्हणजे ५० तास जातात. चार तासांच्या दिवसाने साडेबारा दिवस! मास्तर शाळेला कुलूप घालून साडेबारा दिवस बेपत्ता झाला असता तर गावात गहजब झाला असता, तालुक्याला अर्ज गेले असते. इथे मास्तर हजर, मुले हजर, हजेरीपट भरलेला, आणि दिवस मात्र गायब! अशा चोरीची फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यावी?

ही तर फुकट गेलेल्या वेळेची गोष्ट झाली. उरलेल्या वेळेत जे होते ते याहून वाईट. तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्या. तयारी न केलेला मास्तर मनात येईल तो आकडा फळ्यावर लिहितो, ६२ वजा २८. पोर उत्तर आणते ४६. का? दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ते आठातून दोन काढते व सहा लिहिते. मग सहातून दोन गेले, चार. पोराने आपल्या अकलेने वाट काढली. मास्तर ‘चूक’ म्हणतो, ३४ सांगतो आणि मोकळा होतो. आपले काय चुकले हे पोराला कळत नाही ते नाहीच. पुढे मास्तराच्या मनात ३०२ वजा १२८ येते आणि मधल्या शून्यापाशी गाडी रुतते. दशकच नाही, तर उसना कोणाकडून घ्यावा? वर्ग टकमका बघत राहतो, आणि मास्तर शेवटी पोरांच्याच डोक्यास बोल लावतो.

ज्याने तयारी केली त्याला ४६ हे उत्तर येणार हे आदल्या संध्याकाळीच ठाऊक असते. तो दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घेऊन येतो. “यातून आठ काढ” म्हणतो. सुट्या तर दोनच. पोर आपण होऊन एक गठ्ठा सोडते. बारा सुट्या झाल्या, आठ गेल्या, चार राहिल्या. उरलेल्या पाच गठ्ठ्यांतून दोन गेले, तीन राहिले. चौतीस. शून्याचे उदाहरण तो मुद्दाम दोन दिवस मागे ठेवतो आणि त्या दिवशी शंभराची मोळी बांधून आणतो. याला ना अनुदान लागते, ना साहेबाची परवानगी. रात्रीचा अर्धा तास आणि दोरीचे चार तुकडे पुरतात.

लहान गावच्या शाळेत तर तयारीवाचून गतीच नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा त्याच कायद्याचा हिशेब आहे. म्हणून एकेका मास्तरापुढे दोन-दोन, कधी तीन इयत्ता बसतात. तिसरीस शिकविताना चौथीने काय करावे हे घंटेपूर्वी फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर लिहिलेले नसेल, तर चौथीचे वर्ष ‘गप्प बसा’ या एकाच विषयात जाते.

आमचे काही ज्येष्ठ बंधू मिशीवर हात फिरवून म्हणतात, “वीस वर्षे तिसरी शिकविली, आता कसली तयारी?” वीस वर्षे पेरणी केलेला शेतकरी एकविसाव्या वर्षी वाफसा पाहावयाचे सोडतो काय? जमीन तीच, पण पाऊस दरसाल निराळा. यंदाच्या वर्गात आईबापांबरोबर ऊसतोडीस जाऊन आलेली दोन पोरे आहेत. दिवाळीला गेली ती उन्हाळ्याच्या तोंडी परतली. त्यांचे कोणते पान सुटले हे वीस वर्षांच्या कोणत्या वर्षात लिहून ठेवले आहे?

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर कवन रचले, आणि १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात मागणी केली की, प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावेत व त्यांस शिकवून तयार करावे. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्यांस लाज वाटू नये. आणि त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा. यांतल्या पहिल्या मागणीवर आणि पगाराच्या मागणीवर आमची मंडळी जयंतीच्या दिवशी टाळ्या वाजवितात. तयार करण्याचे नाव निघाले की मूग गिळतात. त्या वेळी मास्तर आपल्यातला नव्हता, सबब पोर मागे राहिले असे म्हणता येत होते. आज पुष्कळ गावांत शाळेवर आपलाच भाऊ, आपलीच बहीण आहे. कायम नोकरीवाल्यास सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे. आता कुणब्याचे पोर चौथीत जाऊन वजाबाकीपाशी अडले तर ते पाप कोणाच्या माथी मारावयाचे? पागोटे गेले आणि पंतोजी तेवढा राहिला, असे तर नाही ना झाले?

नुकसान सर्वांचे सारखे होत नाही, हेही ध्यानात घ्या. साहेबाच्या पोराचा तास वाया गेला तर संध्याकाळी शिकवणी आहे, घरी शिकलेली आई आहे. मजुराच्या पोराला शाळेचे चार तास हेच सारे शिक्षण. ते गेले की गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा पोर शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. आज बापाने आपली बाजू पुरी केली, गुरांमागचे पोर आणून वर्गात बसविले. आता दंड कोणास करावा?

“आम्ही टाचण काढतो की!” असे उत्तर येईल. टाचण कसे निघते ते मला विचारा. ट्रेनिंग कॉलेजात हर्बार्टच्या पाच पायऱ्या घोकल्या, परीक्षेचा पाठ झाला आणि त्या ट्रंकेत गेल्या. पुढे वही उरली ती केंद्रप्रमुखापुरती. विकतच्या टाचणातून नाहीतर मोबाइलवर आलेल्या टाचणातून ओळी उतरावयाच्या आणि खाली सही घ्यावयाची. रविवारच्या तारखेचा पाठ आणि त्याखाली साहेबाची सही, असेही टाचण मी या डोळ्यांनी पाहिले आहे. साहेबाने वही तपासली. पोराची पाटी तपासली असती तर बरे झाले असते.

मास्तराची एक बाजू मात्र खरी आहे, आणि ती न सांगणे अन्याय होईल. त्याच कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, आणि त्यांत तयारीचे तास मोजले आहेत. जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणूक यांखेरीज शाळेबाहेरच्या कामास शिक्षकाला जुंपू नये, असेही त्यात आहे. पण तयारीचे तास कागदावर राहिले, आणि प्रत्यक्षात पोषण आहाराचे हिशेब, मतदारयाद्या व रोज सायंकाळी मोबाइलवरून मागितली जाणारी माहिती यांनी ते खाल्ले. हे गाऱ्हाणे आमच्या संघटनांनी वेशीवर टांगावे. बदल्यांसाठी, पेन्शनसाठी मोर्चे निघतात. खुशाल निघोत, मीही त्यांत चाललो आहे. परंतु तयारीच्या तासांसाठी निघालेला मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. तेथे चहा पिऊन, सही करून उठू नका. आदराने, पण स्पष्ट विचारा: “गुरुजी, उद्या तिसरीला काय घेणार? तेव्हा चौथी काय करील? आमचे पोर मागे पडले आहे, त्याच्यासाठी काय आणणार?” ज्याची तयारी आहे तो दोन वाक्यांत सांगेल, आणि कोणीतरी विचारले म्हणून मनातून सुखावेल. जो चिडेल त्याच्याशी भांडू नका. पुढच्या सभेची मुदत द्या आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. आणि केंद्रप्रमुख शाळेवर आले म्हणजे त्यांनाही बसवून घ्या, व या महिन्यात मास्तराचे तयारीचे तास कोणकोणत्या कागदांनी खाल्ले त्याची यादी मागा.