अरुंद झडपेचे बाळ आणि जिल्हा रुग्णालयाचे शीतकपाट

महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप जन्मतःच अत्यंत अरुंद असलेले बाळ पहिले एक-दोन दिवस चारचौघांसारखेच रडते, दूध ओढते, आणि घरच्यांना शंका यावी असे त्याच्या अंगावर बहुधा काहीच दिसत नाही. कारण गर्भावस्थेत फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी लहानशी वाहिनी अद्याप उघडी असते, आणि झडपेतून जे रक्त पुढे जाऊ शकत नाही त्याची उणीव ती परस्पर भरून काढीत असते. ही वाहिनी निसर्गक्रमाने मिटू लागली की, अनेकदा पाचवी पुजण्याच्या आधीच, बाळ अंगावर पिणे सोडते, धापा टाकते, त्याचे हातपाय गार पडतात आणि नाडी हाताला लागेनाशी होते. जंतुसंसर्गाची लक्षणेही वरवर अशीच असल्यामुळे कित्येक मोलाचे तास केवळ प्रतिजैविकांवर खर्ची पडण्याचा संभव असतो.

वस्तुतः या व्याधीवरील उपचार नवा नाही. प्रोस्टाग्लँडिन शिरेतून थेंबाथेंबाने दिल्यास मिटू पाहणारी वाहिनी उघडी राहते, ही गोष्ट 1970 नंतरच्या दशकातच सिद्ध झाली. आणि मुलांची अरुंद महाधमनी-झडप फुग्याने उघडण्याची पद्धती अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या झुहदी लबाबिदी यांनी 1983 साली प्रसिद्ध केल्यावर थोड्याच वर्षांत ती नवजातांसाठीही वापरात आली. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन अवघ्या सहा-सात मिलिमीटरच्या झडपेत फुगा क्षणभर फुगवायचा, आणि तोही झडपेच्या कड्याहून किंचित लहानच निवडायचा, कारण अधिक ताणल्यास झडप फाटून रक्त उलटे वाहू लागते, हे काम किती संयमाचे असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. याने बाळ कायमचे बरे होते असे नाही. पुढे पुन्हा फुगा, शस्त्रक्रिया, किंवा डोनाल्ड रॉस यांनी 1967 साली प्रथम केलेले, रुग्णाचीच फुप्फुसधमनीची झडप महाधमनीच्या जागी बसविण्याचे ऑपरेशन करावे लागू शकते. तथापि आयुष्य हाती लागते.

हे कौशल्य मुंबई-पुण्यात उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो बाळ तेथवर जिवंत पोचण्याचा. जन्मजात हृदयदोषांचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला, याचा अभिमान बाळगताना प्रवासात ती वाहिनी उघडी ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची जिल्हा रुग्णालयांच्या शीतकपाटात कायम तरतूद असणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय असे माझे मत आहे. इतक्या विरळ दोषासाठी खर्च कशाला, असा आक्षेप निघेल. परंतु महाधमनी आकुंचित असलेली, फुप्फुसाकडची वाट बंद असलेली, डावा कप्पाच खुरटलेला असलेली बाळेही याच वाहिनीवर जगतात आणि त्यांनाही हेच औषध तारते.

मात्र औषध वेळेवर देण्यासाठी दोष आधी ओळखला गेला पाहिजे; म्हणून घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताचे व पायाचे प्राणवायूमापन करण्याचा शिरस्ता पडला पाहिजे. अमेरिकेने 2011 साली या तपासणीचा राष्ट्रीय शिफारस-यादीत समावेश केला. या मापनातून अरुंद झडपेची काही बाळे निसटतात, म्हणून तिसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या आशाताईंनाही पिणे सोडणे, धापा टाकणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे नीट शिकवावीत. शिवाय प्रोस्टाग्लँडिनने एखाद्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो. तेव्हा मोठ्या शहराकडे रवानगीच्या वेळी कृत्रिम श्वास देऊ शकणारी परिचारिका रुग्णवाहिकेत हजर हवीच. आरोग्यखात्याने ही तजवीज येत्या अंदाजपत्रकात करावी आणि प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकास तशी लेखी ताकीद द्यावी.