‘सर्व्हर डाऊन’च्या पाटीमागे नेमकं काय बंद असतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्यात दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर. सेतू केंद्रावर, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रावर रांगा लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत काचेवर कागद चिकटतो : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या यावे.’ वाडी-वस्तीवरून आलेला माणूस कागद वाचतो आणि माघारी फिरतो. एसटीचं भाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडाली. उद्या पुन्हा तेच.

पण खरंच दरवेळी सर्व्हरच डाऊन असतो का? कार्यालयातल्या छोट्या नेटवर्कचं काम पाहणाऱ्या कुठल्याही तंत्रज्ञाला विचारा, उत्तर ‘नाही’ असंच येईल. सर्व्हर म्हणजे मुंबई-पुण्याकडची किंवा आणखी कुठली तरी मोठी यंत्रणा. तिथून तुमच्या गावातल्या खिडकीपर्यंत बऱ्याच कड्या आहेत. त्यातली कुठलीही तुटली तरी पाटी एकच लागते. गोंधळ इथूनच सुरू होतो.

चार बिघाड, चार मालक

पहिली कडी म्हणजे मुख्य पोर्टल. हंगामात एकाच वेळी राज्यभरातून गर्दी झाली की ते खरोखर रखडतं. हा बिघाड राज्य पातळीवरचा. गावात कोणी काही करू शकत नाही.

दुसरी कडी गावापर्यंत येणारी फायबर. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने झालं. सुरुवातीची जोडणी बहुतांशी तालुक्यापासून एका ओळीत, गावामागून गाव अशी होती. त्यामुळे रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका ठिकाणी फायबर तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. म्हणून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात गोलाकार म्हणजे रिंग पद्धतीची जोडणी धरली आहे. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहावं, हा त्यामागचा हिशेब.

तिसरी कडी कार्यालयाच्या आतली : फायबरचा डबा, राऊटर, स्विच, केबल. चौथी कडी म्हणजे खुद्द संगणक.

पहिल्या दोन कड्यांना निदान मालक तरी आहे. फायबर तुटली तर तक्रार कुठे करायची हे ठरलेलं असतं. पण भिंतीच्या आतले शेवटचे पंचवीस-तीस मीटर कोणाचे? नेट देणारा म्हणतो, ‘डब्यापर्यंत आमचं काम.’ संगणक पुरवणारा म्हणतो, ‘मशीन चालू आहे ना, मग झालं.’ राहिला तो संगणक परिचालक. मानधनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करणाऱ्या या माणसाकडूनच आपण वायरमनचं, इंजिनिअरचं आणि टेलिफोनवाल्याचं काम करून घेतो.

दहा मिनिटांत कळतं

बिघाड कुठे आहे हे शोधायला मोठं शिक्षण लागत नाही, क्रम लागतो.

आधी तेच पोर्टल मोबाईलच्या डेटावर उघडून पाहायचं. तिथेही उघडत नसेल आणि बाकीच्या वेबसाईट चालत असतील, तर बिघाड बहुधा पोर्टलचाच. मोबाईलवर उघडतंय आणि कार्यालयाच्या नेटवर नाही, तर बिघाड आपल्या बाजूला.

मग फायबरच्या डब्याकडे बघायचं. त्यावर एल-ओ-एस लिहिलेला लाल दिवा पेटला असेल तर प्रकाश येत नाही, म्हणजे फायबर तुटली किंवा निघाली. तक्रार तिकडे. दिवाच नसेल तर अ‍ॅडॉप्टर गेला का ते पाहा. लाईट येण्या-जाण्यात पहिला बळी त्याचाच जातो.

डबा ठीक आहे, पण एकच संगणक बंद आणि शेजारचा चालू? दोघांच्या केबल अदलाबदल करा. बिघाड केबलबरोबर सरकला तर केबल खराब. क्लिप तुटलेली, उंदराने कुरतडलेली किंवा खुर्चीच्या चाकाखाली आलेली केबल हे आपल्या कार्यालयांतलं नेहमीचं दुखणं. अशी केबल कधी चालते, कधी नाही, आणि सगळे म्हणतात नेट ‘स्लो’ आहे.

अर्धे संगणक चालतात, अर्धे नाहीत, असं असेल तर कोणी घरचा जुना वायफाय राऊटर आणून स्विचला जोडलाय का, ते पाहायचं. दोन डबे एकाच घरात वेगवेगळे पत्ते वाटायला लागतात आणि गोंधळ होतो. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही, हे समजावं. सगळं कार्यालय एकदम ठप्प आणि स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर बऱ्याचदा एकाच केबलची दोन्ही टोकं कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचलेली असतात.

आणि एक गंमत. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाईट उघडत नाहीत. पाटी मात्र ‘सर्व्हर डाऊन’चीच लागते.

फोनचीही तीच गत

तांब्याच्या जुन्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. गावात लाईट गेली तरी फोन चालू. आता बऱ्याच ठिकाणी लँडलाईन फायबरच्या डब्यातून येते. डब्याला घरची वीज लागते, म्हणून लाईट गेली की फोनही मुका. आरोग्य केंद्राचा, पोलीस ठाण्याचा नंबर लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतो. तो वादळाच्या रात्री, गरज असताना बंद पडतो. त्या डब्याला एक छोटा यूपीएस लावला तर काही तास निभावतात. हा मोठ्या बजेटचा विषय नाही.

जिथे इंटरकॉमचा डबा आहे तिथे आतले फोन चालतात पण बाहेरचा कॉल येत नाही, ही तक्रार कायमची. बाहेरून आलेली तार सोडवून साध्या फोनला थेट जोडावी. टोन आला तर लाईन चांगली, दोष डब्यात. टोन नाही, तर दोष लाईनचा. तांब्याची लाईन तुटलेली असली तरी पलीकडच्याला रिंग वाजल्यासारखी ऐकू येऊ शकते. मग लोक म्हणतात, ‘साहेब फोन उचलत नाहीत.’ साहेबांकडे फोन वाजलेलाच नसतो.

खरा मुद्दा मुदतीचा

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण यात नागरिकाचा हक्क अडकलाय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण मुदत मोजली जाते ती पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून अर्जच घेतला नाही, तर नंबर नाही, पोच नाही आणि मुदतही सुरू नाही. माणूस पाच हेलपाटे घालतो आणि कागदोपत्री उशीर शून्य दिवसांचा दिसतो. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आकडे छान येतात, कारण परत गेलेला माणूस त्यात मोजलेलाच नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रावर बिघाडाची नोंदवही हवी : किती वाजता बंद, चारपैकी कुठली कडी, तक्रार कुठे दिली, किती वाजता चालू. पाटीवर ‘सर्व्हर डाऊन’ऐवजी खरं कारण लिहावं. दोन जादा केबल, एक स्विच, एक अ‍ॅडॉप्टर कपाटात असावा. राऊटरचा पासवर्ड सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात न राहता दप्तरात असावा. आणि नेट बंद असेल त्या दिवशी आलेल्यांचे अर्ज कागदावर घेऊन तारखेसह पोच द्यावी.

तोपर्यंत नागरिकांनीही एवढं करावं. ‘उद्या या’ म्हटलं की विचारा : कुठलं बंद आहे, तक्रार दिली का, तक्रारीचा नंबर काय? लेखी अर्ज देऊन पोच मागा. नोंदवह्या भरू लागल्या की कोणत्या गावात फायबर तुटते आणि कोणत्या गावात नुसती केबल बदलायची राहिली आहे, हे तालुक्याला पहिल्यांदा दिसेल.