आपले किती?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बॉम्बस्फोटाचा विषय मांडू नये, एवढा पोच मला आहे. आमच्या घरी सणाच्या चार दिवसांत वर्तमानपत्रातली अपघाताची बातमीसुद्धा मोठ्याने वाचायला बंदी असे. तरीही आज मी तो नियम मोडणार आहे, आणि त्याबद्दल घरच्या मंडळींची आधीच क्षमा मागतो. ज्या प्रश्नाशी मला भांडायचे आहे तो सभेत किंवा संसदेत विचारला जात नाही; तो आपल्याच घरांत, चहाच्या कपाबरोबर विचारला जातो. तेव्हा त्याच्याशी भांडणही घरातच झालेले बरे.

तो प्रश्न असा : "आपले किती?"

२१ एप्रिल २०१९. ईस्टरचा रविवार. श्रीलंकेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कोलंबोचे सेंट अँथनी, नेगोम्बोचे सेंट सेबॅस्टियन आणि पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआचे झायन या तीन चर्चमध्ये, आणि कोलंबोतल्याच तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट घडवले. अडीचशेच्या वर माणसे मेली. बट्टिकलोआच्या मृतांत रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपून आलेली मुले होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बागेतल्या बाकावर हा विषय निघाला. आमचे एक स्नेही, अत्यंत सज्जन गृहस्थ, रोज पाखरांना दाणे घालणारे, वर्तमानपत्राची घडी उघडता उघडता म्हणाले, "आपले किती?" अकरा भारतीय दगावल्याचे पुढे निश्चित झाले. त्या सकाळी आकडा त्याहूनही लहान होता. तो ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला आणि पान उलटले. बाकीचे सारे मृत त्या उलटलेल्या पानाखाली गेले.

या प्रश्नाला मी अमानुष म्हणणार नाही. ज्याचा मुलगा कोलंबोत नोकरीला आहे त्याच्या तोंडी हाच प्रश्न पहिला यायचा, आणि यावाच. माझी तक्रार निराळी आहे. आईबापांचा जो पहिला प्रश्न असतो, तो आपण राष्ट्र म्हणून शेवटचा प्रश्न करून टाकला आहे. त्याचे उत्तर मिळाले की आपली चौकशी संपते.

आणि सिलोन आपल्याला परके कधी होते हो? माझ्या पिढीने त्या बेटाचा नकाशा पाहण्याआधी त्याचा आवाज ऐकला. पन्नाशीच्या दशकात आपलेच एक मराठी मंत्री, बा. वि. केसकर, यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा ती आम्हांला रेडिओ सिलोनने परत दिली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज ऐकायला अख्खी चाळ एका रेडिओभोवती जमायची. तो कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती कोलंबोला जात, आणि तिथून ती गाणी समुद्र ओलांडून पुन्हा आमच्याकडे येत. त्या वेळी कोणी विचारले नाही, की या केंद्रात आपले किती म्हणून.

मी बँकेत नोकरी केली. ऐंशीच्या सुमारास एका प्रशिक्षणवर्गात कोलंबोच्या एका बँकेतले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. सिंहली, बौद्ध, अतिशय मितभाषी. वर्ग संपला तरी पत्रव्यवहार राहिला. ३१ जानेवारी १९९६ रोजी कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर लिट्टेने स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला. नव्वदच्या आसपास माणसे गेली, शेकडो जखमी झाली. हे गृहस्थ जवळच्याच इमारतीत होते. ते वाचले, ओळखीचे अनेक गेले. मी चांगले दोन पानी सांत्वनपत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले. आभार मानले होते, आणि खाली एकच वाक्य होते : "ज्यांनी हे केले, त्यांनी पहिले जेवण तुमच्या घरी घेतले होते."

मला राग आला. मी उत्तर लिहायला बसलो. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरेदारे जाळली गेली, निरपराध माणसे रस्त्यावर मारली गेली, तेव्हा तुमचे सरकार काय करीत होते, असे मला विचारायचे होते. तो प्रश्न आजही खराच आहे. त्या तमिळ निर्वासितांना आपण आसरा दिला हे भूषणच होते. परंतु आसऱ्याबरोबर आपण सशस्त्र गटांना शिक्षण आणि शस्त्रेही दिली, हेही तितकेच खरे होते. मग १९८७ ते १९९० या काळात त्याच बेटावर, त्याच बंदुकांसमोर, शांतिसेनेचे अकराशेहून अधिक भारतीय जवान पडले. आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. पोसलेल्या विस्तवाने अंगण ओळखले नाही. एवढे लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी त्यांच्याच वाक्याचा पुरावा लिहीत होतो. ते पत्र मी पोस्टात टाकले नाही.

दहा वर्षांनी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. रात्री उशिरा फोन लागला तो कोलंबोहून. त्यांनी विचारले, "घरची सगळी पोचली?" मी हो म्हणालो. लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि शेजारच्यांची?"

वाचकहो, मैत्री ज्याला म्हणतात ती या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

आता आमचे व्यवहारी मित्र म्हणतील, की हे भावनेचे बोलणे झाले. राष्ट्रे असल्या भावनेवर चालत नाहीत. मग व्यवहाराचेच बोलू. ईस्टरच्या स्फोटांपूर्वी सतरा दिवस, ४ एप्रिल २०१९ रोजी, भारताच्या गुप्तचर यंत्रणेने श्रीलंकेला इशारा दिला होता. हल्ला आत्मघातकी असेल, चर्चवर होईल, कोलंबोतली भारतीय वकिलातही लक्ष्य ठरू शकते, आणि सूत्रधार कोण, हेही त्यात होते. शेवटचा इशारा त्याच दिवशी सकाळपर्यंत गेला. मित्रराष्ट्राच्या पाठीशी उभे राहणे म्हणतात ते हे. पुढे ९ जून २०१९ रोजी भारताचे पंतप्रधान सेंट अँथनी चर्चमध्ये जाऊन आले, तेही उचितच झाले. पण स्फोटानंतरच्या शंभर पुष्पचक्रांपेक्षा स्फोटाआधीच्या त्या एका कागदाचे मोल मी अधिक मानतो. त्यात आपलाही स्वार्थ होता, असेना का! शेजाऱ्याचे छप्पर पेटले तर ठिणगी आपल्याकडे येते, हे ज्याला कळते तो स्वार्थी नव्हे, शहाणा.

त्या कागदाचे पुढे काय झाले ही मात्र करुण कथा आहे. कोलंबोत राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचे एकमेकांशी पटत नव्हते. सुरक्षाविषयक बैठकांना पंतप्रधानांना बोलावलेच जात नव्हते. इशारा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना या हलगर्जीपणाबद्दल दहा कोटी रुपये भरपाई स्वतःच्या खिशातून देण्यास सांगितले. मित्राने दार ठोठावले तरी घरातल्यांनी उठून कडी काढावी लागते.

आणि आता अधिक कडू गोष्ट. मे २०१९ मध्ये श्रीलंकेत मिनुवांगोडा आणि आसपासच्या भागात जमावाने मुसलमानांची दुकाने आणि मशिदी फोडल्या, जाळल्या. वास्तविक ज्या काट्टनकुडी गावचा तो सूत्रधार, तिथल्या मुसलमानांनीच त्याच्याविरुद्ध कितीतरी आधी तक्रारी केल्या होत्या. त्या तक्रारी कोणी ऐकल्या असत्या, तर भारताच्या इशाऱ्याची गरजही कदाचित पडली नसती. पण जाळपोळीची ती बातमी वाचून आमच्याकडच्या काही दिवाणखान्यांत समाधानाचे उद्गार निघाले. "बरी अद्दल घडली," असे मी माझ्या कानांनी ऐकले. एक दिवस आधीपर्यंत यांना श्रीलंकेचे दुःख ठाऊक नव्हते. शेजाऱ्याच्या चितेवर आपली पोळी भाजून घेणे याला जर कोणी मैत्री म्हणत असेल, तर त्याने तो शब्द परत करावा. खुनी माणसाशी कठोर व्हा, हे मित्राने सांगावेच. पण खुन्याचे नाव-गाव ठाऊक असताना त्याच्या जातभाईचे दुकान जाळू नका, हेही मित्रानेच सांगायचे असते. शत्रू ते सांगणार नाही.

"आपली दुःखे काय थोडी आहेत?" असे शेवटी म्हटले जाते. थोडी नाहीत. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. त्यानंतर जगाने आपल्या पाठीशी उभे राहावे असे आपल्याला वाटले, आणि ते रास्तच होते. श्रीलंकेने निषेध केला, इतरांनी केला. पण क्षणभर कल्पना करा, की त्या दिवशी जगातल्या प्रत्येक राजधानीत बागेतल्या बाकावर बसून कोणी "आपले किती?" एवढेच विचारले असते. नेपाळला उत्तर मिळाले असते, एक. बाकी साऱ्या जगाला उत्तर मिळाले असते, शून्य. मग सगळ्यांनी सुस्कारा सोडून पान उलटले असते.

श्रीलंकेतही दीपावलीला सुट्टी असते. तिथली तमिळ घरे याच दिवसांत दिवे लावतात. माझे कोलंबोचे स्नेही आता नाहीत. त्यांच्या त्या एका वाक्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही, ते आज देतो : तुम्ही म्हणालात ते खरे होते. आणि बागेतल्या माझ्या सज्जन स्नेह्यांना एवढेच सांगतो, की पुढच्या वेळी, देव करो आणि ती वेळ न येवो, पहिला प्रश्न खुशाल विचारा. फक्त पान उलटण्याआधी दुसराही विचारा.