पकडलेला साप सोडता कुठे?

सालीम अलींनी जिथे सुगरणीची घरटी न्याहाळली, ते किहीम आता बरेचसे बंगल्यांचे गाव झाले आहे. आवारात घोणस निघाली की सर्पमित्राला फोन जातो. तो येतो, साप पिशवीत भरतो आणि सगळे हुश्श करतात. सापही वाचला, माणूसही वाचला. पूर्वी हाच साप काठीने ठेचला गेला असता, त्यामुळे सर्पमित्रांचे काम मोलाचेच. पण ती पिशवी पुढे उघडते कुठे, हे सहसा कुणी विचारत नाही.

‘लांब जंगलात’ हे उत्तर ठरलेले. आता माणूस नसलेले जंगल अलिबाग तालुक्यात कुठले? डोंगरउतारांवर ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. गुरे तिथेच चरतात, लाकूडफाटा तिथूनच येतो आणि पायात चप्पल असेलच असे नाही. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर सांगतो, सर्पदंशाच्या खाटेवर बंगल्याचा मालक क्वचितच असतो. तिथे असतो लावणीला किंवा गवत कापायला गेलेला माणूस, जमिनीवर झोपलेले मूल, फार तर बंगल्याचा माळी.

सापाला आपला परिसर ठाऊक असतो. बीळ कुठे, उंदीर कुठे, पाणी कुठे. उचलून लांब टाकला की तो भटकत सुटतो. कर्नाटकात आगुंब्याला नागराजावर आणि अमेरिकेत रॅटलस्नेकवर रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाले. हलवलेले साप मूळच्या जागी राहणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त फिरले; रॅटलस्नेक तर मेलेही जास्त. जास्त फिरणारा साप कुणाच्या तरी पायाखाली येण्याची शक्यताही जास्त. इकडे बंगल्यातले उंदीर तसेच राहतात, म्हणजे दुसऱ्या सापाची सोय झालेलीच.

बिबट्याच्या बाबतीत हा प्रयोग महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून केलेला आहे. जुन्नर वन विभागात २००१ पासून वस्तीजवळचे बिबटे पकडून जंगलात सोडण्याची मोहीम चालली. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. त्यांनीच कॉलर लावलेला ‘आजोबा’ सिनेमामुळे अनेकांना माहीत आहे. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळ पोचला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही, हे त्याचे आणि आपले नशीब.

तरीही प्रत्येक हल्ल्यानंतर मागणी तीच, पकडा आणि दुसरीकडे सोडा. ज्यांचे माणूस गेले त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्या ‘दुसरीकडे’ही कुणाची तरी पोरे शाळेत जायला निघालेली असतात, आणि नव्या पाहुण्याची खबर त्यांना कुणी दिलेली नसते.

साप सोडायचाच तर वन विभागाला कळवून, पकडला त्याच परिसरात, घरांपासून थोडा बाजूला सोडावा. बंगलेवाल्यांनी झावळ्यांचे आणि विटांचे ढीग हलवावेत, खरकटे उघड्यावर टाकू नये, माळ्याला गमबूट आणि बॅटरी द्यावी. वाडीवर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी मिळाली तर अंथरुणात चावणाऱ्या मण्यारीपासून बराच बचाव होतो. चावलाच, तर कापू नका, आवळून बांधू नका, भगताकडे तासभर घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, पण ते वेळेत मिळावे लागते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसे गेली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

सर्पमित्रांनी एक वही ठेवावी. कुठला साप, कुठे पकडला, कुठे सोडला, एवढेच. तिची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे यावी. पावसाळ्याआधी कोणत्या आरोग्य केंद्रात इंजेक्शनचा साठा वाढवायचा, हे त्यावरून ठरवता येईल.