भाराभर चिंध्यांच्या बाजूने

मुलगी नववीत गेली की एकच खेळ धरायचा, बाकी सगळं बंद. कॅनडातल्या मिसिसागामधल्या एका मराठी गृहस्थांचं हे मत गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही ऐकावं लागतं. म्हणणं असं: दहा हजार तास घासल्याशिवाय कोणी मोठं होत नाही, शिष्यवृत्ती देणारे अष्टपैलूंना विचारत नाहीत आणि तीन खेळ म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. मग हुकमाचा एक्का: आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की. बापाने परसात पाणी ओतून रिंक केली, पोरगा सदानकदा त्यावर, आणि दहाव्या वर्षी एका मोसमात 378 गोल!

एक्का खराच आहे, पण तो गृहस्थांच्या हातातला नाही.

ब्रँटफर्डच्या त्या परसातला बर्फ उन्हं तापली की वितळायचा. मग वेन काय चिखलाकडे बघत बसायचा? तो बेसबॉल खेळायचा, लॅक्रॉस खेळायचा. अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्याची धडक चुकवून निसटायचं त्याचं कसब हॉकीत गाजलं. ते लॅक्रॉसमध्ये शिकलो, असं तो स्वतःच सांगत आला. आता बर्फ वितळत नाही. बंदिस्त रिंकमध्ये तो जुलैतही यंत्राने गोठवलेला असतो. त्याचं तासावर भाडं असतं, हिवाळा सरल्यावरच्या हॉकीची वेगळी फी, उन्हाळी शिबिराची आणखी वेगळी. ऊन जी सुट्टी फुकट द्यायचं, ती पालक पैसे मोजून रद्द करतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

दहा हजार तासांचा आकडा बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातला, आणि तिथेही ती सरासरीच होती. शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर व्हिक्टोरियात फुटबॉल आणि हॉकी खेळत वाढलेल्या स्टीव्ह नॅशला ती एकाच अमेरिकन विद्यापीठाने देऊ केली. 2005 आणि 2006 मध्ये तो एनबीए या बास्केटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मराठी घराला हा वाद नवा नाही. दहावीचं वर्ष लागलं की कॅरम माळ्यावर, तबला गवसणीत. त्यातले किती पुन्हा बाहेर निघाले, हे मात्र विचारायचं नाही.

पोहण्यात, जिम्नॅस्टिक्समध्ये लवकर सुरुवात लागते, कबूल. जलतरणपटू समर मॅकिंटॉशने 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पण गृहस्थांची मुलगी व्हॉलीबॉल खेळते.

मग करायचं काय? फार काही नाही. ऑन्टारियोच्या शाळांत मुलींसाठी साधारणपणे शरदात बास्केटबॉल, हिवाळ्यात व्हॉलीबॉल आणि वसंतात धावण्याच्या शर्यती असतात. तिन्ही खेळू द्यावं, निवड पंधरा-सोळापर्यंत लांबवावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनीही 2016 मध्ये बहुतेक खेळांसाठी हेच वय सुचवलं.

मिसिसागाहून मार्कम फार लांब नाही. तिथला आंद्रे डी ग्रास शाळेत बास्केटबॉल खेळायचा. 2012 मध्ये तो शालेय शर्यतीत उतरला तो बास्केटबॉलच्या ढगळ चड्डीत, उसने स्पाइक्स घालून. ब्लॉक न वापरता उभ्यानेच सुटला आणि 100 मीटर 10.9 सेकंदांत धावला. 2021 मध्ये टोकियोत 200 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण त्याने 19.62 सेकंदांत जिंकलं.